दगडखाणीचा सुरुंग आणि विहिरीचे पाणी

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातील दोन तालुके एकमेकांस लागून असले, तरी त्यांचे रूप एक नाही. पश्चिमेस समुद्रकाठी घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या व भाजीपाल्याचे मळे आहेत, तर पूर्वेस डोंगरउतारावर भात, नागली व वरीची शेती आहे. या दोन्ही पट्ट्यांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो. या भागातील काळा दगड कठीण व टिकाऊ असल्यामुळे रस्ते, पूल व इमारती यांसाठी त्यास मोठी मागणी असते, आणि म्हणून महामार्गाच्या आसपास दगडखाणी व खडीची केंद्रे उभी राहिली आहेत. अलीकडे या मागणीत भर पडली आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग याच प्रदेशातून जात असून, तलासरीला लागून असलेल्या उंबरगाव तालुक्यात झरोळीजवळ सुमारे ३५० मीटर लांबीचा बोगदा २०२३ साली सुरुंगाच्या पद्धतीने आरपार खोदला गेला. वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले असून त्यासही दगड लागणार आहे.

दगड फोडावयाचा म्हणजे सुरुंग आला. सुरुंगाचा आवाज, घरास बसणारा हादरा आणि पानांवर बसणारी धूळ या गोष्टी सर्वांना दिसतात व त्यांविषयी ग्रामसभेत बोललेही जाते. परंतु सुरुंगाच्या दारूचा जो अंश न जळता जमिनीत व पाण्यात राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्यास वास नाही, रंग नाही आणि चवही नाही. तान्ह्या मुलाच्या दुधात मिसळले जाणारे पाणी ज्या विहिरीचे आहे, त्या विहिरीत तो उतरला तर काय होते, तो कसा ओळखावा आणि त्यासाठी नमुना कसा घ्यावा, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

सुरुंगात काय असते?

गावात आजही सुरुंगाच्या कांडीस ‘जिलेटिन’ म्हणण्याची रीत आहे. वास्तविक नायट्रोग्लिसरीन घातलेली जुन्या प्रकारची स्फोटके आपल्या देशात २००४ पासून बंद झाली आहेत. आज खाणीत वापरल्या जाणाऱ्या स्फोटकांचा मुख्य घटक अमोनियम नायट्रेट हा होय. त्यात इंधन तेल मिसळलेले असते, किंवा त्याचा लोण्यासारखा घट्ट लगदा करून तो कांडीत भरलेला असतो. या मुख्य स्फोटकास चेतविण्यासाठी थोड्या प्रमाणात अधिक तीव्र द्रव्ये वापरतात. त्यांत टी.एन.टी. व पी.ई.टी.एन. ही नावे येतात.

अमोनियम नायट्रेट हे शेतकऱ्यास परके नाही. ज्या नत्रामुळे पीक हिरवेगार होते, तेच नत्र यात शेकडा ३५ इतके असते. स्फोटासाठी होणारा त्याचा दुरुपयोग टाळण्याकरिता शासनाने २०११ साली त्याची गणना स्फोटकांत केली आणि २०१२ साली त्याकरिता स्वतंत्र नियम केले. त्यामुळे ते परवान्यावाचून बाळगता वा विकता येत नाही.

सुरुंग पूर्णपणे पेटला, तर यातील बहुतेक नत्राचे रूपांतर हवेत सहज मिसळणाऱ्या नत्रवायूत होते व मागे फारसे काही उरत नाही. परंतु प्रत्यक्षात तीन ठिकाणी गळती होते. पहिली, भोक भरताना काही दारू बाहेर सांडते. दुसरी, भोकात पाणी असेल तर दारू त्यात विरघळते; अमोनियम नायट्रेट पाण्यात मिठाहूनही अधिक सुलभतेने विरघळते. तिसरी, एखादे भोक अर्धवट पेटते किंवा मुळीच पेटत नाही. सुरुंगानंतर नारिंगी किंवा तांबूस धूर उठताना दिसला, तर दारू नीट जळली नाही असे समजावे. ही खूण गावातील कोणासही दुरून पाहता येते, आणि तिची तारीख-वेळ टिपून ठेवणे पुढे उपयोगी पडते.

पाणी विहिरीपर्यंत कसे पोहोचते?

आपल्या भागातील खडक हा ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला काळा पाषाण आहे. तो घट्ट असला तरी त्यात भेगा व सांधे असतात, आणि भूगर्भातील पाणी या भेगांतूनच वाहते. मातीच्या जाड थरातून पाणी झिरपते तेव्हा त्यातील काही द्रव्ये माती धरून ठेवते. भेगांतून धावणाऱ्या पाण्यास अशी गाळणी मिळत नाही. त्यातही नायट्रेट हे द्रव्य असे आहे की, मातीचे कण त्यास धरून ठेवू शकत नाहीत. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला म्हणजे खाणीच्या तळाशी, खडीच्या ढिगांत व चुरीत साठलेले नायट्रेट धुऊन निघते आणि उताराच्या दिशेने ओढ्यात व विहिरीत जाते.

थोड्याशा हिशेबाने ही गोष्ट स्पष्ट होईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००, २०१२) एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, आणि या मर्यादेत कोणतीही सूट दिलेली नाही. एक किलो अमोनियम नायट्रेटमध्ये सुमारे ७७५ ग्रॅम नायट्रेट असते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. पाण्यात आधी मुळीच नायट्रेट नव्हते असे धरले, तरी अवघे सव्वादोन किलो अमोनियम नायट्रेट विरघळल्याने ही सारी विहीर मर्यादेच्या काठावर येते.

दोष नेहमी खाणीचाच असतो काय?

येथे न्यायबुद्धीने विचार करणे अगत्याचे आहे. विहिरीत नायट्रेट अधिक सापडले म्हणजे ते खाणीतूनच आले, असे म्हणता येणार नाही. एक किलो युरियातील सर्व नत्राचे जमिनीत नायट्रेट झाले, तर ते दोन किलोंहून थोडे अधिक भरते. म्हणजे किलोमागे युरिया हा सुरुंगाच्या दारूपेक्षाही अधिक नायट्रेट देऊ शकतो. विहिरीच्या काठावरील शेणखताचा उकिरडा, गुरांचा गोठा व शौचालयाचा शोषखड्डा ही नायट्रेटची नित्याची उगमस्थाने आहेत. चिकूच्या वाडीत आळ्यात एकदम घातलेले खत रेताड जमिनीतून त्वरेने खाली उतरते.

म्हणून तक्रार करण्यापूर्वी आपले अंगण प्रथम तपासावे. उकिरडा व शोषखड्डा विहिरीपासून दूर आहे काय, खत हप्त्याहप्त्याने दिले जाते काय, विहिरीस बांधीव कठडा आहे काय, हे पाहावे. त्यानंतरही शंका उरली, तर ती निवारण्याचे साधन विज्ञानाने आपल्या हाती दिले आहे.

द्रव-वर्णलेखन : जत्रेतून चालणारी माणसे

हे साधन म्हणजे ‘लिक्विड क्रोमॅटोग्राफी’ होय. शास्त्रीय परिभाषेत यास द्रव-वर्णलेखन म्हणतात. नाव अवघड असले तरी तत्त्व सोपे आहे. डहाणूजवळील महालक्ष्मीची चैत्रातील यात्रा सर्वांनी पाहिली आहे. समजा, शंभर माणसांचा एक घोळका रस्त्याच्या एका टोकाकडून एकाच वेळी निघाला. दोन्ही बाजूंस दुकाने आहेत. ज्यास खरेदीत गोडी नाही तो सरळ चालत सर्वांत आधी दुसऱ्या टोकास पोहोचेल. ज्यास खेळण्यांची हौस आहे तो मधून मधून थांबेल. आणि जो प्रत्येक दुकानापाशी रेंगाळेल तो सर्वांच्या मागून येईल. एकत्र निघालेला घोळका दुसऱ्या टोकाशी आपोआप वेगवेगळ्या गटांत विभागला जातो.

या यंत्रात रस्त्याऐवजी बोटाएवढ्या जाडीची पोलादी नळी असते व तीत अतिसूक्ष्म कण ठासून भरलेले असतात. पाण्याचा किंवा मातीच्या अर्काचा थेंब तीत सोडून मागून द्रवाचा प्रवाह दाबाने ढकलतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या ओढीप्रमाणे कणांपाशी थांबत थांबत ठरावीक वेळी बाहेर पडते. बाहेर पडण्याच्या वेळेवरून द्रव्य कोणते ते कळते, आणि कागदावर उमटणाऱ्या शिखराच्या आकारावरून ते किती आहे ते मोजता येते.

या विद्येची सुरुवात वनस्पतींपासूनच झाली. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या नळीतून गाळून वेगळी केली. पुढे लोकरीवर संशोधन करणाऱ्या मार्टिन व सिंज या इंग्रज शास्त्रज्ञांनी या पद्धतीस नवे रूप दिले व त्याबद्दल त्यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या राज्यातील द्राक्षबागायतदारांस हे यंत्र चांगले परिचयाचे आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत ‘क्लोरमेक्वॅट’ या वाढनियंत्रकाचा अंश याच जातीच्या यंत्राने पकडला गेला व बागायतदारांस मोठा तोटा सोसावा लागला. तेव्हापासून परीक्षेची शिस्त अधिक कडक झाली.

स्फोटकांचा शोध कसा घेतात?

खाणीजवळच्या पाण्यासाठी दोन प्रकारच्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा नायट्रेट, अमोनियम व परक्लोरेट अशा क्षारांची. तिला आयन-वर्णलेखन म्हणतात व ती १९७५ पासून प्रचारात आली. आपल्या भागासाठी हीच परीक्षा मुख्य होय, कारण खाणीत वापरली जाणारी बहुतेक दारू अमोनियम नायट्रेटची असते. नायट्रेटबरोबर ताजे अमोनियमही अधिक आढळले, आणि काही स्फोटकांत असणारे परक्लोरेटही सापडले, तर संशय खाणीकडे वळतो. नायट्रेटबरोबर विष्ठेतील जंतू व अधिक क्लोराइड आढळले, तर शोषखड्ड्याकडे किंवा गोठ्याकडे पाहावे.

दुसरी परीक्षा टी.एन.टी., आर.डी.एक्स. यांसारख्या तीव्र स्फोटकांची. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने यासाठी घालून दिलेली ‘८३३०’ क्रमांकाची पद्धत जगभर प्रमाण मानली जाते. तीत मातीचा नमुना ॲसिटोनायट्राइल या द्रवात घालून थंड ठेवलेल्या ध्वनिलहरींच्या कुंडात १८ तास हलवितात, म्हणजे मातीतील स्फोटक द्रवात उतरते. नंतर हा अर्क गाळून यंत्रात सोडतात. निम्मे मिथेनॉल व निम्मे पाणी यांच्या प्रवाहात आर.डी.एक्स. सुमारे पावणेचार मिनिटांनी, तर टी.एन.टी. सुमारे साडेआठ मिनिटांनी बाहेर पडते. डोळ्यास न दिसणारा जंबुपार किरण त्यांवर टाकून त्यांची नोंद घेतली जाते. दोन द्रव्ये एकाच वेळी बाहेर पडून फसगत होऊ नये म्हणून दुसऱ्या प्रकारच्या नळीतून नमुना पुन्हा सोडून खात्री करतात. पिण्याच्या पाण्यात या दोन्ही द्रव्यांसाठी त्याच संस्थेने सुचविलेली आयुष्यभराची आरोग्यमर्यादा लिटरमागे केवळ दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या दुप्पट, इतकी आहे. इतके सूक्ष्म प्रमाण मोजावयाचे असल्यामुळे साधी रंगाची परीक्षा येथे पुरत नाही.

ही द्रव्ये जमिनीत कशी वागतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. टी.एन.टी. मातीस चिकटून राहते, जिवाणूंच्या क्रियेने त्याचे रूप पालटते व वनस्पतींत ते बहुधा मुळांपाशीच थांबते. आर.डी.एक्स. मात्र पाण्याबरोबर खोल जाते आणि पानांपर्यंतही चढते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथे लष्करी सरावाच्या मैदानाखालील भूजलात आर.डी.एक्स. उतरले. त्याच भूजलावर तेथील गावे अवलंबून असल्यामुळे १९९७ साली पर्यावरण संस्थेने तेथील दारूगोळ्याचा सराव थांबविण्याचा आदेश दिला. असा धोका मुख्यतः सरावाची मैदाने, दारूगोळ्याची भांडारे व कारखाने यांच्या परिसरात संभवतो. साध्या दगडखाणीत प्रथम नायट्रेट पाहावे, आणि न पेटलेले सुरुंग वारंवार आढळत असतील तरच दुसऱ्या परीक्षेचा खर्च करावा.

तान्ह्या मुलांची काळजी

नायट्रेटचा सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील बालकांस असतो. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते व ते रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या घटकास निकामी करते. मुलाचे ओठ व नखे निळसर पडतात, ते सुस्त होते व धापा टाकू लागते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात कॉमली या डॉक्टरांनी हा विकार विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखविला. अशी लक्षणे दिसताच मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. यावर औषध आहे.

येथे एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. पाणी उकळले म्हणजे ते सर्व दोषांपासून मुक्त झाले, असे आपण मानतो. उकळण्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, विरंजक चूर्ण व फडक्याने गाळणे यांनीही ते निघत नाही. आर.ओ. पद्धतीचे शुद्धीकरण यंत्र किंवा दुसऱ्या निर्दोष विहिरीचे पाणी हाच उपाय होय. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध दिल्यास हा धोका मुळातच टळतो. गुरांच्या पोटातही नायट्रेटचे नायट्राइट होत असल्याने फार दूषित पाणी त्यांना पाजू नये.

मात्र हेच पाणी पिकास अपायकारक नाही. मर्यादेइतके नायट्रेट असलेले पाणी एका हेक्टरास पाच सेंटिमीटर खोलीचे दिले, तर त्यातून सुमारे पाच किलो नत्र जमिनीस मिळते. अशी विहीर भाजीपाल्यास वापरावी आणि तितके युरिया कमी द्यावे. जे बाळास विष तेच पिकास खत, हे ओळखून पाण्याची वाटणी करणे शहाणपणाचे ठरेल.

नमुना घेण्याची रीत

कितीही मोलाचे यंत्र असले तरी नमुना चुकीचा घेतला तर निकाल व्यर्थ जातो. म्हणून पुढील सूचना काटेकोरपणे पाळाव्यात.

१. नमुने निदान तीन ठिकाणांचे घ्यावेत : खाणीच्या वरच्या अंगाची विहीर, खाणीतून बाहेर वाहणारे पाणी आणि खालच्या अंगाची विहीर. वरच्या व खालच्या विहिरींतील फरक हाच खरा पुरावा होय.

२. मे महिन्यात एकदा, पहिल्या जोराच्या पावसानंतर आठवड्याच्या आत एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, असे वर्षातून तीन वेळा नमुने घ्यावेत.

३. नायट्रेटसाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी व त्याच पाण्याने ती तीनदा विसळावी. खताची किंवा औषधाची बाटली कदापि वापरू नये. खत हाताळलेले हात साबणाने धुतल्यावाचून नमुना घेऊ नये.

४. तीव्र स्फोटकांच्या परीक्षेसाठी तपकिरी काचेची बाटली वापरावी, कारण उन्हाने टी.एन.टी.चे रूप बदलते. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवावी. पाण्याच्या नमुन्यावर सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत प्रक्रिया होणे आवश्यक असते.

५. मातीचा नमुना एकाच जागेचा घेऊ नये. स्फोटकाचे कण विखुरलेले असतात. एका जागी पुष्कळ तर हातभर अंतरावर काहीच नाही, असे घडते. म्हणून ठरविलेल्या तुकड्यातून तीस किंवा अधिक ठिकाणची थोडीथोडी वरची माती घेऊन एकत्र करावी व सावलीत वाळवावी. उन्हात वा चुलीजवळ ठेवू नये. मातीचा नमुना खाणीबाहेरील शेतजमिनीतूनच घ्यावा.

६. बाटलीवर गाव, विहीर, तारीख, वेळ, शेवटचा पाऊस व शेवटचा सुरुंग यांची नोंद करावी.

७. खाणीच्या आवारात परवानगीवाचून शिरू नये. न पेटलेली कांडी, वायर किंवा टोपी दिसल्यास तिला हात लावू नये, दगड मारू नये. इतरांस दूर ठेवून पोलिसांस कळवावे. मुलांस व गुराख्यांस ही गोष्ट पुनःपुन्हा बजावावी.

नमुना कोठे द्यावा?

पहिली चाचणी गावातच होऊ शकते. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण व क्षेत्रीय चाचणी संच दिले आहेत; त्यांत नायट्रेटची रंगपरीक्षा असते. तीत रंग गडद आला तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. खताचे प्रमाण ठरविण्यासाठी माती व पाणी यांविषयी कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. अहवालात ‘शोधमर्यादेखाली’ असे लिहून आले, तर त्याचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा नसून ‘यंत्रास मोजता येईल इतके नाही’ असा समजावा.

दोन विहिरींतील फरक वारंवार दिसून आला, तर अहवालाच्या प्रती जोडून तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करावा. स्फोटकांच्या साठ्याविषयी तक्रार असल्यास नागपूर येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय स्फोटक सुरक्षा संघटनेकडे दाद मागता येते. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार दगडासारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस घेणे बंधनकारक आहे. अशी शिफारस देताना ग्रामसभेने काही अटी मागाव्यात : ओल्या भोकात पाण्यास दाद न देणारे स्फोटक वापरावे, सांडलेली दारू त्याच दिवशी गोळा करावी, खाणीतील पाणी तळ्यात अडवून तपासल्यावाचून सोडू नये आणि खालच्या विहिरींची तपासणी खाणमालकाच्या खर्चाने व्हावी. या अटी अवाजवी नाहीत. वाया गेलेली दारू हा मालकाचाही तोटाच आहे.

रस्ते व रेल्वे यांसाठी दगड लागणार, आणि दगडासाठी सुरुंग लावावा लागणार. परंतु विहीर गावाची आहे व तिची राखण गावानेच केली पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खाणीलगतच्या पाड्यातील निदान दोन विहिरींचे पाणी तपासून त्याची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी. खाण सुरू होण्यापूर्वीचे आकडे हाती असले, म्हणजे पुढे वादाचे कारण उरत नाही. आकडा हाच शेतकऱ्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय.